फोकलेल्या युरियाचं पुढे होतं काय?

जुलैत चार दिवस झड लागून उघडीप मिळाली की कृषी सेवा केंद्रांपुढे युरियासाठी रांगा लागतात. दुकानदार पोत्याबरोबर एखादी नको असलेली बाटली गळ्यात मारतो, तीही मुकाट्याने घ्यावी लागते. संध्याकाळपर्यंत पोती रानात मोकळी झालेली असतात. घमेल्यात युरिया घ्यायचा आणि मुठीने फोकत जायचं, तासा-दोन तासांत एकर उरकतो. आठवड्याभरात पीक काळंभोर दिसायला लागतं, मग शंका घ्यायला जागाच राहत नाही.

हिशेब मात्र निराळं सांगतो. पोतं ४५ किलोचं, त्यात नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. त्यातलं निम्मंसुद्धा सहसा पिकाच्या अंगी लागत नाही. भातात तर ३० ते ४० टक्क्यांवरच समाधान मानावं लागतं. उरलेलं सगळंच वाया जातं असंही नाही. थोडं मातीतल्या सेंद्रिय भागात अडकतं आणि पुढच्या पिकांना सावकाश मिळत राहतं. पण मोठा वाटा हवेत तरी उडतो, नाहीतर पाण्याबरोबर मुळांच्या खाली तरी उतरतो. पोतं २६६ रुपयांना मिळतं म्हणून हे नुकसान आपल्याला बोचत नाही. त्याच्या कितीतरी पट रक्कम सरकारी तिजोरीतून अनुदान म्हणून जाते, आणि युरिया बनवायला लागणारा नैसर्गिक वायू बराचसा परदेशातून येतो. युरिया महाग करा असं मी म्हणत नाही. पण स्वस्त आहे म्हणून हात सैल सुटतो, हे कोणत्याही बांधावर उभं राहिलं तरी दिसतं.

नत्र नेमकं कुठून निसटतं हे कळलं, तर ते अडवायला महागडं काही लागत नाही. त्यासाठी युरियाचा दाणा मातीवर पडल्यापासून काय काय घडतं ते आधी बघू.

पहिले चार दिवस

पीक युरिया जसाच्या तसा फारसा घेत नाही. मातीत युरिएज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. सूक्ष्मजीव आणि कुजणारा काडीकचरा यांच्यातून ते आलेलं असतं, आणि कुठल्याही जिवंत मातीत ते भरपूर असतं. ओल मिळाली की हे विकर युरिया फोडतं आणि त्यातून अमोनियम तयार होतं. आपल्याकडच्या उबदार, ओल्या जमिनीत दोन ते चार दिवसांत हे काम उरकतं. अमोनियमवर धन भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण, म्हणून माती त्याला धरून ठेवते. काळ्या जमिनीची ही ताकद फार मोठी आहे. इथपर्यंत सगळं ठीक.

अडचण अशी की युरिया फुटताना दाण्याभोवतीच्या मातीचा सामू (पीएच) झपाट्याने चढतो, साडेआठ-नऊपर्यंतही जातो. सामू चढला की अमोनियमचा अमोनिया वायू होतो. दाणा वरच पडलेला असेल तर वायूला अडवायला वर काहीच नसतं. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनींचा सामू मुळातच आठच्या आसपास, त्यात चुनखडी. म्हणजे उडून जायला सगळी अनुकूल परिस्थिती.

हे डोळ्यांनी बघता येतं. झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या घ्या. दोन्हींत रानातली ओलसर काळी माती भरा. एकीत चिमूटभर युरिया वरच भुरभुरा. दुसरीत तेवढाच युरिया तळाशी टाकून त्यावर निदान चार बोटं माती दाबा. पांढरा कागद हळदीच्या दाट पाण्यात बुडवून वाळवा, त्याच्या पट्ट्या कापा, थोड्या ओल्या करून झाकणांना आतून चिकटवा आणि झाकणं घट्ट लावा. बरण्या उबदार जागी ठेवा. एक-दोन दिवसांत पहिल्या बरणीतली पट्टी तांबूस होते, आणि झाकण उघडलं की नाकाला झणका बसतो. दुसरीतली पिवळीच राहते, किंवा बदलली तरी बऱ्याच उशिरा. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तीच ही क्रिया. फक्त चुन्याऐवजी इथे अमोनियाने हळद लाल केली. पहिल्या बरणीत जो वायू झाकणाशी अडला, तो रानात अडत नाही. ऊन-वाऱ्याचे दिवस असतील आणि युरिया वरच राहिला, तर टाकलेल्या नत्रातला पाचवा हिस्सा, कधी तिसरासुद्धा, असा निघून जातो.

दुसऱ्या बरणीत मात्र तो अडतो. तयार झालेला अमोनिया वर येता येता ओल्या मातीत विरघळतो, पुन्हा अमोनियम होतो आणि कणांना चिकटतो. वर तीन-चार बोटं माती असली तरी फरक पडतो, अर्धा फूट असली तर हे नुकसान जवळपास थांबतं. या अख्ख्या लेखातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी पाळली जाणारी गोष्ट हीच: युरिया झाकायचा.

झाकायची सोय आपल्या जुन्या अवजारांत आहेच. कपाशीत, तुरीत युरिया ओळीच्या कडेने टाकून पाठोपाठ डवरा किंवा कोळपं फिरवलं की वर माती येते. डवरणी तुम्ही करणारच असता, फक्त तिचा आणि खताचा क्रम जुळवायचा. कोरडवाहू रब्बी ज्वारीला दोन चाड्यांच्या पाभरीने खत आणि बी एकाच वेळी पेरण्याची शिफारस सोलापूर भागात वर्षानुवर्षं आहे. तिथे सगळं नत्र पेरणीलाच द्यायचं, कारण नंतर वरून टाकलेल्या युरियाला विरघळायला ओलच उरत नाही. उसाच्या खोडव्याला (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला) पहारीने खत देण्याची पद्धत तर यासाठीच आहे. वाफसा (ना चिखल ना कोरडी, अशी बेताची ओल) असताना बुडख्यापासून चार-सहा इंचांवर पहारीने अर्धा फूट खोल भोक घ्यायचं, त्यात खताचं मिश्रण टाकायचं आणि भोक मातीने बुजवायचं. पुढचं भोक फूटभर अंतरावर. पहिला हप्ता ऊस तुटल्यावर पंधरा दिवसांत, दुसरा साधारण १३५ दिवसांनी, सरीच्या विरुद्ध बाजूला. पाचट न जाळता सरीत पसरलेलं असेल तर ही पद्धत आणखीच गरजेची, कारण पाचटात युरिएज भरपूर असतं. पाचटावर फोकलेला युरिया मातीवरच्या युरियापेक्षाही लवकर उडतो.

जिथे अवजार फिरत नाही तिथे पाण्याने काम होतं. युरियावर भार नसतो, त्यामुळे फुटण्याआधी तो पाण्याबरोबर सहज खाली सरकतो. टाकल्यापासून एक-दोन दिवसांत अर्धा इंचभर पाऊस झाला किंवा तेवढं पाणी दिलं, तर तो तीन-चार बोटं खाली जातो आणि सुटतो. घातक असतो तो भुरभुर पाऊस किंवा दव. त्यात दाणा विरघळतो, युरिएज कामाला लागतं, पण खाली सरकायला पाणी पुरत नाही. डिसेंबरात सकाळच्या दवात गव्हावर युरिया फोकणं म्हणजे दुहेरी तोटा: पानांवर चिकटून शेंडे करपतात ते वेगळंच. गव्हाला आधी पाणी देऊन ओल्या जमिनीवर युरिया फोकायची सवय सर्रास आहे. तिचा क्रम उलटा हवा, आधी युरिया आणि मग पाणी. फक्त वाफा लांब असेल आणि पाटाला जोर असेल, तर युरिया वाहत जाऊन शेवटच्या टोकाला साठतो. तिथला गहू लोळतो आणि तोंडाशी पिवळा राहतो. पाणी सावकाश आणि हलकं द्यावं.

कडुनिंब काय करतो आणि काय करत नाही

२०१५ पासून देशात विकला जाणारा जवळपास सगळा युरिया निमकोटेड, म्हणजे कडुनिंबाच्या तेलाचं आवरण दिलेला आहे. यामागचं संशोधन मात्र बरंच जुनं, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९७०च्या दशकात त्यावर काम सुरू झालं होतं. आपल्याकडे उसाला युरिया देताना सहा भागांना एक भाग निंबोळी पेंड मिसळायची शिफारस त्याच विचारातून आली. आता पोत्यावर निमकोटेड लिहिलेलं असतं म्हणून अनेकांची समजूत झाली आहे की हा युरिया वर पडला तरी उडत नाही.

ही समजूत साफ चुकीची आहे, आणि ती का चुकीची ते समजायला नत्राचा पुढचा प्रवास बघावा लागतो. मातीत अडकलेलं अमोनियम तिथे कायम बसून राहत नाही. नायट्रोसोमोनास वगैरे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. उबदार, हवेशीर जमिनीत दोन-तीन आठवड्यांत बराचसा बदल झालेला असतो. कडुनिंबातली द्रव्यं या जिवाणूंना मंद करतात. म्हणजे निमकोटिंगचा परिणाम होतो तो अमोनियमचं नायट्रेट होण्यावर. त्याआधीच्या पायरीवर, जिथे युरिएज युरिया फोडतं आणि अमोनिया उडतो, तिथे त्याचा उपयोग नगण्य. वरच्या थरात अमोनियम जास्त दिवस टिकलं म्हणून उडणं थोडं वाढूही शकतं. निमकोटेड युरिया चांगलाच आहे, पण तो गाडला तर.

मग नायट्रेट होणं मंद करायचं कशाला? कारण नायट्रेटवर ऋण भार असतो, आणि मातीच्या कणांवरही ऋणच. माती त्याला धरत नाही. पाणी जिकडे जाईल तिकडे नायट्रेट जातं. पिकाला ते आवडतं, मुळं ते सहज घेतात, पण मुळं पुरेशी नसताना किंवा गरज नसताना ते मातीत साठलेलं असेल, तर पुढचा मोठा पाऊस त्याला घेऊन उतरतो. हलक्या मुरमाड जमिनीत हे उघडच आहे. काळी जमीन पाणी धरते म्हणून तिथे निचऱ्याने काही जात नाही असं वाटतं. पण उन्हाळ्यात तिला पडलेल्या हात-हातभर भेगांतून पहिल्या पावसाचं पाणी सरळ खाली जातं.

त्या पहिल्या पावसाबद्दल थोडं विषयांतर. उन्हाळाभर तापलेल्या कोरड्या जमिनीला रोहिणी-मृगाचं पाणी लागलं की सूक्ष्मजीव एकदम जागे होतात आणि सेंद्रिय पदार्थातलं नत्र मोठ्या प्रमाणात मोकळं होतं. खत न घालता पहिल्या पावसावर उगवलेलं तण इतकं तरारून येतं, त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणून चांगला सेंद्रिय कर्ब असलेल्या जमिनीत पेरणीलाच नत्राचा मोठा हप्ता देण्यात फार अर्थ नसतो. जमिनीने आपला हप्ता तेव्हा भरलेला असतो, आणि रोपाला दोन पानं फुटलेली असताना ते घेऊन घेऊन किती घेणार?

नत्र विभागून द्यायचं ते यासाठीच. आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या, दीड वर्षाच्या) उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, ती अशी वाटलेली: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के. लागणीच्या वेळी इतकं कमी आणि फुटव्यांच्या वेळी इतकं जास्त का, याचं उत्तर उसाच्या भुकेत आहे. कांडीला कोंब फुटताना तिच्या आतलं अन्न पुरतं, मुळं तर नुसती नावाला असतात. प्रत्यक्षात मात्र मजूर आले आहेत, ट्रॅक्टर आला आहे, म्हणून लागणीलाच निम्मी पोती मोकळी होतात.

कांद्यात तर उशिरा दिलेलं नत्र वाया जाऊन थांबत नाही, नुकसान करतं. कांद्याची मुळं उथळ, वीतभर खोलीत सगळा कारभार. म्हणून मोठा हप्ता खाली निसटतो आणि लहान लहान हप्ते लागू पडतात: थोडं लागवडीला, मग तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास. साठ दिवसांनंतर नत्र दिलं की मान जाड होते, जोडकांदे वाढतात आणि चाळीत कांदा टिकत नाही. उन्हाळ कांदा सप्टेंबरपर्यंत ठेवून भाव बघायचा असेल, तर मार्चमधला हात आखडता घ्यावा लागतो.

ठिबक असेल त्यांचं काम सोपं आहे, पण एक गोष्ट तिथेही चुकते. मोटर सुरू झाल्या झाल्या टाकीत युरिया सोडला, तर नंतर तासभर वाहणारं पाणी त्याला मुळांच्या खाली ढकलतं. अगदी शेवटी सोडला तर तो नळ्यांतच राहतो. पाणी द्यायच्या वेळेचे तीन भाग करा. मधल्या भागात खत सोडा, शेवटचा भाग साध्या पाण्याचा.

पाणी साचलं की

उडणं आणि खाली उतरणं यांच्यानंतरची, नत्र निसटण्याची तिसरी वाट सगळ्यात कमी माहीत असलेली. ऑगस्टमध्ये भारी काळ्या रानात चार दिवस पाणी तुंबतं. मातीतली हवा संपते. मुळांसारखीच जिवाणूंचीही घुसमट होते, पण त्यांच्यातले काही पर्याय शोधतात: ऑक्सिजन मिळत नाही म्हणून ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात. नायट्रेट मोडतं आणि त्याचा नायट्रोजन वायू होऊन हवेत परत जातो. वाटेत थोडा नायट्रस ऑक्साइडही निसटतो. हवामान तापवण्यात हा वायू, वजनाला वजन धरलं तर शंभर वर्षांच्या हिशेबात, कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट ताकदीचा आहे.

पाणी साचून कपाशी किंवा सोयाबीन पिवळं पडलं की पहिला विचार येतो युरियाचा. माझ्या मते हंगामातला सगळ्यात वाया जाणारा युरिया हाच. पीक पिवळं पडलेलं असतं ते मुळं गुदमरल्यामुळे, मातीत नत्र असलं तरी त्यांना ते घेता येत नाही. अशा वेळी आधी चर काढून पाणी बाहेर काढावं, वाफसा येऊ द्यावा. तोवर पिकाला धीर द्यायचाच असेल तर पानांवर दोन टक्के युरियाची फवारणी करावी, पंधरा लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. पान तेवढं सहज घेतं. मुळं सावरली, कोळपणी झाली, की मग जमिनीतून हप्ता. दरवर्षी पाणी तुंबणाऱ्या रानात सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर पेरलं, तर हा प्रसंगच कमी येतो.

सोयाबीनचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. या पिकाला उभ्या पिकात युरिया टाकायची गरज बहुतेक वेळा नसतेच. महिन्या-सव्वा महिन्याचं रोप मुळासकट हलकेच उपटा, मुळांवरच्या गाठींतली एखादी नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर निघाली तर गाठ हवेतलं नत्र ओढून झाडाला देते आहे. भरपूर युरिया मिळाला की झाड गाठींना पोसणं कमी करतं. पेरणीच्या वेळचा थोडा हप्ता आणि बियाण्याला रायझोबियम, एवढं पुरतं. आतून पांढरट किंवा हिरवट गाठी दिसल्या, तर मात्र जिवाणू खताकडे लक्ष द्यावं.

कोकणातली गोळी

नत्र वाचवण्याची सगळ्यात नेटकी पद्धत महाराष्ट्रात भातशेतीत रुजवण्याचा प्रयत्न झाला, आणि ती घाटावरच्या फारच थोड्यांना ठाऊक आहे. भाताचं खाचर म्हणजे नत्राच्या दृष्टीने सगळ्या अडचणींचं माहेरघर. चिखलणी केलेल्या साचल्या पाण्यात युरिया फोकला की तो पाण्यातच फुटतो. त्या पाण्यात शेवाळ असतं. दिवसा उन्हात ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं आणि दुपारपर्यंत पाण्याचा सामू नऊच्याही वर जाऊ शकतो. अमोनिया उडायला आणखी काय हवं? जो उरतो त्यातल्या काहीचं पाण्याखालच्या पातळ हवेशीर थरात नायट्रेट होतं, ते खालच्या हवा नसलेल्या चिखलात उतरतं आणि तिथे त्याचा वायू होतो. त्यात खाचरातलं पाणी बांधावरून बांधावर वाहत खाली जातं, सोबत खतही शेजाऱ्याच्या खाचरात.

अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेले डॉ. नारायण सावंत यांनी यावर कोकणासाठी जी पद्धत बसवली ती चारसूत्री म्हणून ओळखली जाते. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, खाचरात गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि खताची गोळी ही ती चार सूत्रं. युरिया आणि डीएपी (नत्र आणि स्फुरद देणारं खत) ६० आणि ४० या प्रमाणात दाबून केलेली ही गोळी, वजन २.७ ग्रॅम.

लावणी दोरीवर करायची, चुडांमधलं (रोपांच्या जुडग्यांमधलं) अंतर आलटून पालटून १५ आणि २५ सेंटीमीटर, दोन्ही दिशांनी. त्यामुळे खाचरात चार-चार चुडांचे लहान चौकोन तयार होतात, आणि मध्ये चालायला रुंद पट्टे राहतात. लावणी झाली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक गोळी बोटाने चिखलात सात ते दहा सेंटीमीटर खोल खुपसायची आणि भोक चिखलाने बुजवायचं. हंगामभरात हे काम एकदाच. एका चौकोनाच्या वाट्याला ४० बाय ४० सेंटीमीटर जागा येते, म्हणजे हेक्टरी ६२,५०० गोळ्या, वजन जेमतेम १७० किलो. त्यातून मिळणारं नत्र साधारण ५९ किलो. एरवी फोकून द्यायची शिफारस हेक्टरी १०० किलोची.

इतक्या कमी नत्रात भागतं कसं? गोळी जिथे बसते तिथे हवा नाही. अमोनियम तयार होतं पण त्याचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते, ती नाही, म्हणून ते अमोनियमच राहतं. चिकणमाती त्याला धरते. वरच्या पाण्यात ते फारसं येत नाही, म्हणून शेवाळाला खाद्य नाही, उडणं नाही, वाहून जाणं नाही. चारी चुडांची मुळं तिकडे वळतात आणि अडीच-तीन महिने तिथून खातात. बांगलादेशात गुटी युरिया या नावाने हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर पसरली.

कोकणात ती म्हणावी तितकी पसरली नाही, याचं कारण मला तरी सरळ दिसतं. वाकून एकेक गोळी खुपसणं म्हणजे कंबरेचा काटा ढिला करणारं काम, तेही लावणीच्या गर्दीत. एका गुंठ्याला सहाशेच्या वर गोळ्या. मजुरी महाग, युरिया स्वस्त. वाचलेल्या खताच्या पैशात गोळी लावणाऱ्या बाईची रोजी निघत नाही, निघते ती वाढलेल्या उत्पादनातून, आणि त्यासाठी दोरीवरची लावणी नीट व्हावी लागते. शिवाय वरकस, पाणी झरपणाऱ्या जमिनीत गोळीचा फायदा मिळत नाही. तिथलं पाणी अमोनियमलाही खाली नेतं. ज्या खाचरात पाणी ठरतं तिथे मात्र चार गुंठ्यांवर करून बघण्यासारखी ही गोष्ट आहे.

नव्या बाटल्या आणि जुने उकिरडे

नॅनो युरियाबद्दल विचारल्याशिवाय कुणी राहत नाही, म्हणून हिशेब तेवढा मांडतो. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. पोत्यात २० किलो ७०० ग्रॅम. नंतर बाटलीतलं प्रमाण २० टक्क्यांवर नेलं, तरी ते शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या घरात. पानावरून दिलेलं नत्र चांगलं लागू पडतं हे खरं, पण शंभर ग्रॅम नत्र वीस किलोची जागा कशी घेईल, हे मला तरी कुठल्या गणिताने बसवता आलेलं नाही. पूरक फवारणी म्हणून वापरावी, तिच्या भरवशावर जमिनीतला हप्ता बंद करू नये. २०२३ पासून गंधकाचं आवरण असलेला युरियाही आला आहे, त्यात नत्र ३७ टक्के आणि गंधक १७ टक्के. तो हळू विरघळतो, आणि तेलबियांना गंधक लागतंच. पण पोत्यातलं नत्र कमी आहे हे मात्रा काढताना विसरू नये.

सेंद्रिय खतातलं नत्रही उडतं, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. मार्च-एप्रिलात शेणखत रानात नेऊन पसरायचं आणि जूनच्या पाळीपर्यंत उन्हात वाळू द्यायचं, हे सगळीकडे चालतं. त्यातला अमोनिया पहिल्या काही दिवसांतच निघून जातो. गोठ्यातल्या मुताचं तर बोलायलाच नको, जनावराच्या नत्राचा मोठा हिस्सा त्यातच असतो आणि तो गटारात जातो. मुताखाली कोरडा काडीकचरा अंथरणं, उकिरडा खड्ड्यात ठेवून वर माती टाकणं आणि खत पसरल्या दिवशीच पाळीखाली झाकणं, एवढ्याने बरंच हाती राहतं.

विहिरीतलं खत

खाली उतरलेलं नायट्रेट शेवटी भूजलात जातं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्यापेक्षा जास्त असलं तर सगळ्यात जास्त धोका तान्ह्या बाळांना, विशेषतः वरच्या दुधाची पावडर त्या पाण्यात कालवली जाते तेव्हा. रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात देशातले नायट्रेटने जास्त बाधित म्हणून जे १५ जिल्हे दिले, त्यांतले सात महाराष्ट्रातले आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. सगळा दोष खतांचा नाही, संडासांचे शोषखड्डे, उकिरडे आणि गावचं सांडपाणीही त्यात आहे. पण हे पट्टे कपाशीचे आणि केळीचे, खताचा हात इथे नाही असं म्हणता येत नाही.

विहिरीत गेलेलं हे नत्र तुम्ही विकत घेतलेलं आहे, आणि ओलिताच्या पाण्याबरोबर त्यातलं काही परतही येतं. लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम नत्र. एकरभर रानाला दोन इंच पाणी दिलं की साधारण दोन लाख लिटर होतं, त्यातून दोन किलो नत्र येतं. सहा पाळ्यांत बारा किलो, म्हणजे अर्ध्या पोत्याहून जास्त. नायट्रेट ९० असेल तर पोत्याहूनही जास्त. तेव्हा माती परीक्षणाला नमुना द्याल त्याच दिवशी विहिरीच्या पाण्याचीही बाटली द्या, तपासणीत नायट्रेट मागून घ्या आणि जो आकडा येईल तेवढं नत्र पुढच्या वर्षीच्या हप्त्यातून वजा करा.